सरकता बांध

खाणीवरच्या मोजणीदाराला सगळे ‘मिलीमीटर’ म्हणत. हा माणूस चहाचा कपसुद्धा डोळ्यासमोर धरून पातळी बघतो, असं त्याची बायकोच सांगायची. एकोणीस वर्षं त्याचं काम एकच होतं. तांबं काढून उरलेला विषारी गाळ ज्या मातीच्या बांधाआड साठायचा, तो बांध जागचा हलत नाही ना, हे दर सोमवारी मोजायचं.

त्या वर्षी बांध हलू लागला. त्यानं साहेबांना लेखी कळवलं, तर यंत्र जुनं झालंय म्हणाले. नवं यंत्र आलं, त्यानं जास्तच दाखवलं. मग मोजणी महिन्यातून एकदाच करायचा हुकूम निघाला.

बांधाखाली वस्ती होती. तिथल्या विहिरींचं पाणी हिरवट झालं होतं आणि नुकसान कंपनीनं भरून द्यावं म्हणून वस्तीनं आठ वर्षं दावा चालवला होता. निकाल तोंडावर आला आणि फाटकावरची पाटी बदलली. खाण दुसऱ्याच कंपनीनं घेतली म्हणे. साहेब मात्र तेच. पुढच्या आठवड्यात मोठी यंत्रं ट्रेलरवर चढायला लागली, तेव्हा मोजणीदाराला कळलं की निकालाच्या दिवशी वस्तीच्या हाती नुसती पाटी लागणार.

त्याचा मेहुणा खाणीवर मुकादम होता आणि आपल्या आईसह त्याच वस्तीत राहायचा. त्यानं बजावलं की बांध आजवर टिकलाय, पुढंही टिकेल. आपण खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत. मोजणीदार गप्प बसला. पण त्या दिवशी जेवताना बायकोनं सरळच विचारलं, “किती सरकलाय?”

“गेल्या महिन्यात एकतीस मिलीमीटर.”

तिनं दोन बोटं जुळवून पाहिली. “आई खाली राहते,” एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो मोजणीच्या वह्या घेऊन वस्तीच्या वकीलबाईंकडे गेला. त्यांनी बांधाचा धोकाही दाव्यात जोडला.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं त्याला विचारलं की बांध उद्या फुटेल काय. ते सांगता येत नाही, सरकतोय एवढं सांगता येतं, असं तो म्हणाला. मग न्यायाधीशांनी विचारलं, इतके दिवस गप्प का बसलात?

“मला मोजायला ठेवलंय, बोलायला नाही, असं धरून चाललो. चुकलं माझं.”

निकाल वस्तीच्या बाजूनं लागला. यंत्रं अडवली गेली. पाटी बदलली तरी मूळ कंपनीला हात झटकता येणार नाहीत. बांध, पाणी आणि लोकांचं स्थलांतर, सगळा खर्च तिचाच. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तरी स्थलांतर थांबलं नाही. घरं एकेक करून रिकामी झाली. मेहुणा तेवढा हलेना. मोजणीदाराची नोकरी गेली होती, आणि मेहुण्यानं त्याच्याशी बोलणंही टाकलं होतं.

एका दुपारी मोजणीदार बांधाच्या पायथ्याशी गेला. तिथून नेहमी थोडं पाणी झिरपायचं, नितळ. आज ते गढूळ होतं. त्यानं बाटली भरली आणि धावत मेहुण्याचं दार गाठलं.

मेहुण्यानं बाटली उजेडात धरली. बांध आतून पोखरला की पाणी असं मातकट होतं, हे मुकादमाला सांगावं लागत नाही. त्यानं आईला उचललं आणि अनवाणीच चढाला लागला. मोजणीदारानं मागून तिची औषधं घेतली.

टेकडीवर पोचल्यावर दोघं थांबले. खाली रिकामी वस्ती उन्हात पडली होती. म्हातारीनं विचारलं, गाई कुणाच्या ओरडताहेत? एकही गाय मागं उरली नव्हती. मेहुण्यानं बहिणीच्या नवऱ्याचा हात घट्ट धरला. आवाज बांधाकडून येत होता.