अप्पांनी जोडलेली लाइन

अप्पा गेले तेव्हा वर्कशॉपमध्ये एका बूम पंपाचं काम अर्धवट राहिलं होतं. बांधकामावर काँक्रीट उंच नेणारी ही गाडी. ट्रकच्या पाठीवर घडी घातलेला लांब लोखंडी हात असतो, त्याला मधे मधे सांधे, आणि त्या हाताच्या अंगानं पाइप गेलेले. काँक्रीट आतून घासत जातं तसे पाइप झिजतात आणि बदलावे लागतात. अप्पांनी आयुष्यभर ते काम केलं. या गाडीच्या हाताचे चार भाग होते. तीन भागांवर त्यांनी नवे पाइप बसवले. चौथ्याचे जमिनीवर मांडून ठेवले होते, आणि एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

तेरावा होईपर्यंत गाडीमालक काही बोलला नाही. मग त्यानं फोन केला. साइटवर स्लॅब खोळंबला होता. जावेद आणि फकिरा, अप्पांचे दोन कारागीर, पाइप उचलायला, बोल्ट आवळायला पुरेसे होते. पण सांध्यापाशी लाइन, म्हणजे पाइप नेमका सांध्याच्या रेषेत बसलाय का ते, बघायची तर नजर लागते. अप्पांच्या मते शहरात ती नजर दोघांकडेच होती. दुसरा माणूस म्हणजे मुबारकचाचा, आणि ते कित्येक वर्षं आमच्या वर्कशॉपची पायरी चढले नव्हते.

अप्पांना नावानं, रामकिसन म्हणून, हाक मारणारे ते एकटेच. दोघांनी मिळून वर्कशॉप सुरू केलं होतं. पुढे एकदा चाचांनी बसवलेला पाइप अप्पांनी सगळ्यांसमोर उघडला आणि म्हणाले, "मुबारक, तुझी नजर गेली. घरी बस आता." चाचांनी हात धुतले, डबा उचलला आणि गेले. त्यानंतर दोघंही एकमेकांच्या फोनची वाट बघत राहिले असावेत. अप्पांच्या अंत्यविधीला चाचा आले होते, पण लांब उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

मी हर्सूलला त्यांच्या घरी गेले. दार राहतचाचींनी उघडलं.

"आओ, अंदर आओ. आता याद आली व्हय?" त्या म्हणाल्या. "किती ईदा गेल्या, शीरखुर्मा प्यायला तुमच्यातलं कुणी आलं नाय."

"बसू तरी दे तिला," आतून चाचा म्हणाले. ते पलंगावर बसून मटार सोलत होते. मी काम सांगितलं. त्यांनी विचारलं फक्त, "किती राहिलं?"

"शेवटचा भाग. आणि चाचा, एक विनंती आहे. अप्पांनी जे जोडलंय त्याला हात लावू नका. त्यांचं शेवटचं काम आहे ते. आहे तसं साइटवर जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ," म्हणाले, आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी ते आले. बूम, म्हणजे गाडीचा तो लांब हात, पूर्ण उघडून, खाली आणून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला होता. चाचांनी कुणाला काही विचारलं नाही. ट्रककडून सुरुवात करून ते पाइपवर बोटं फिरवत चालत निघाले. ट्रकपाशीचा पहिला सांधा ओलांडला. दुसऱ्याशी थांबले. तिथल्या क्लॅम्पवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले, मग खाली वाकून बघितलं. तिसऱ्यापाशीही तसंच. मग वळून म्हणाले, "जावेद, फकिरा, चहा पिऊन या."

"चाचा, थर्मासमध्ये आहे की चहा," जावेद म्हणाला.

"त्यो नक्को. चौकात जा. भजे पण खाऊन या."

"आत्ताच तर नाष्टा झाला," फकिरा म्हणाला. "लई लाड चालवलेत आज. घरून भांडून आलात का?"

"जा म्हणतो ना."

ते हसत गेले. गेटचा आवाज येईपर्यंत चाचा थांबले.

"बेटा, हे दोन सांधे उघडावे लागतील."

"चाचा, आपलं ठरलं होतं."

त्यांनी वाद घातला नाही. मला जवळ बोलावून क्लॅम्प दाखवला. दोन पाइपांची तोंडं धरून ठेवणारं ते कडं. त्याची मूठ हातानं मिटली पाहिजे, हे मलाही माहीत होतं. हातोडा लागला तर समजायचं की पाइप चुकलाय, हे अप्पा जेवतानासुद्धा सांगायचे. या मुठीवर हातोड्याचे घाव होते. ताजे, एकावर एक.

"हात जिथं वळतो, पाइप पण तिथंच वळला पाहिजे," चाचा म्हणाले. "इथं दोन बोटं बाजूला हाय. घडी घालताना ओढ बसंल. वर माल भरलेला असताना क्लॅम्प सुटला तर खाली माणसं असतात, बेटा."

"अप्पांकडून असं कसं होईल?"

त्यांनी पाइपच्या खालच्या बाजूला बोट दाखवलं. तिथला रंग घासून निघाला होता आणि एका ब्रॅकेटला नायलॉनच्या दोरीचा तुकडा गाठीसकट राहिला होता. "दोरीनं टांगून ठेवला व्हता त्यानं. हे काम दोघांचं. एक धरतो, एक क्लॅम्प मिटतो. धरणारं कुणी नव्हतं म्हणून दोरी. ती सरकली."

"जावेद होता. फकिरा होता."

चाचांनी दोरीची गाठ सोडवली. मग विचारलं, "हात कापत व्हता का त्याचा?"

मला बशी आठवली. अप्पा आयुष्यभर बशीतून चहा प्यायले आणि शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी ती सोडली होती. स्टीलच्या ग्लासात, तोही अर्धाच, असं सांगायचे. आईला वाटलं, म्हातारपणाची लहर. सुट्टीच्या दिवशी ते वर्कशॉपला एकटे जायचे. शांततेत काम होतं, म्हणायचे. आम्हाला ते खरं वाटलं होतं.

मी त्या सांध्याकडे बघत उभी राहिले. दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ, असं म्हणता आलं असतं. तसं म्हटलं तर अजून एका माणसानं हे बघितलं असतं. जावेद-फकिराला भजी खायला का पाठवलं, ते मला तेव्हा कळलं.

"उघडा," मी म्हणाले.

क्लॅम्प सुटताना पाइप झटक्यानं बाजूला गेला, इतका तो ताणलेला होता. चाचांनी ब्रॅकेट सैल केलं आणि दुसरं टोक मला धरायला सांगितलं. बरंचसं वजन ब्रॅकेटवर होतं म्हणून मला पेललं.

"वर. अजून जरा. माझ्याकडं नक्को बघू, पाइपकडं बघ." एक डोळा मिटून ते लाइन बघत होते. "फोन करायला पाहिजे व्हता त्यानं," तसंच बघत म्हणाले.

"तुम्ही आला असतात?"

"लगेच नसतो आलो. आधी दोन शिव्या घातल्या असत्या." त्यांनी पाइप किंचित फिरवला. "मग आलो असतो. मी पण करू शकत व्हतो फोन. रोज वाटायचं, उद्या करू."

नवा क्लॅम्प त्यांनी हातानं मिटला. आवाजसुद्धा झाला नाही. तिसरा सांधाही तसाच झाला. घाव पडलेले दोन्ही क्लॅम्प त्यांनी भंगाराच्या ड्रममध्ये अगदी तळाशी घातले आणि वर वळणाचे झिजलेले पाइप रचले.

कारागीर परत आले तेव्हा चाचा स्टुलावर बसून हात पुसत होते.

"अजून सुरूच नाय केलं?" फकिरा म्हणाला.

"तुमची वाट बघत व्हतो. भजे जिरले का?"

चौथा भाग दुपारपर्यंत झाला. मग बूम वर नेला, घडी घातली, पुन्हा उघडला. पाइप हाताबरोबर वळत होते, कुठे कुरकुर नव्हती. जावेद रिमोट धरून वर बघत होता.

"अप्पांचे सांधे बघा," तो म्हणाला. "मख्खन. तुमचा शेवटचा पण ठीक हाय, चाचा. पण अप्पांची सर नाय."

"व्हय," चाचा म्हणाले. "ते तर हायच."

मी बोलायला तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी खालचे लाकडी ठोकळे गोळा करायला लागले. अप्पांच्या हातचा त्या गाडीवर आता पहिलाच सांधा उरला होता, आणि जावेद कौतुक करत होता दुसऱ्याचं.

निघताना मी त्यांना फाटकाशी गाठलं. उद्यापासून येत जा, मी म्हणाले. वर्कशॉप तुमचंही आहे.

"नक्को, बेटा. जावेदला पाठव माझ्याकडं, शिकवीन घरी." त्यांनी गाडीला किक मारली. "इथं मला रामकिसननं बोलवायला पाहिजे व्हतं."

संध्याकाळी मी घरी आले. आई देवापाशी बसली होती.

"चालला का पंप नीट?" तिनं विचारलं. "त्यांनी जोडलेला?"

"चालला."

"मुबारकभाई आले होते म्हणे. फकिराचा फोन आला होता."

"हो. दिवसभर होते."

"मग जेवले कुठं?"

जावेद आणि फकिरानं आपापले डबे खाल्ले होते. मी केबिनमध्ये बसून खाल्लं होतं. चाचा तेव्हा बूमपाशी होते, एवढंच आठवत होतं.

"कुठं जेवले गं?" आईनं पुन्हा विचारलं.