झाकणभर काळजी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या आणि मग ऐका. मी एक जुना लंगोट आहे. होय, तान्ह्या बाळाच्या कमरेला बांधतात तोच. हसू आलं ना? हसा. तुम्हीही कधीकाळी माझ्याच कुठल्यातरी भाऊबंदांच्या जिवावर वाढलात, पण ते कुणी आठवणीनं सांगत नाही. बाळाचं पहिलं टोपडं कपाटात जपतात, पायातले वाळे जपतात, पाळण्याचे फोटो काढतात. आम्हांला मात्र बारशाचे पाहुणे यायच्या आत दोरीवरून ओढून पलंगाखाली कोंबलं होतं. चालायचंच. माझा राग त्याबद्दल नाही. तो वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मी जन्मानं लुगडं. दौंड तालुक्यातल्या खुटबावला मारुतराव नावाचे झेंडू लावणारे शेतकरी राहतात, त्यांच्या आईचं. ती माउली नव्वद वर्षं जगली. धुऊन धुऊन तिच्या लुगड्याचा हिरवा रंग पार उडाला होता आणि सूत सायीसारखं मऊ झालं होतं. अशा पिकल्या माणसाचं कापड बाळाच्या अंगाला लागावं, म्हणून मारुतरावांच्या पत्नी मुक्ताबाई यांनी ते ट्रंकेत ठेवून दिलं होतं. त्यांची मुलगी स्नेहल शिरूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा लुगडं बाहेर निघालं. बाळ हाती येण्याआधी त्याचं काही शिवायचं नाही असं त्या घरात मानतात, म्हणून आमचे नुसते तुकडे फाडून ठेवले. केडगावच्या दवाखान्यातून मुलीला घेऊन सगळे घरी आले, आणि मुक्ताबाई त्याच दिवशी मशीनवर बसल्या. आम्ही चौदा भाऊ झालो. मी त्यातला कोपऱ्याचा, काठाची एक रेघ अंगावर असलेला.

पहिले दहा दिवस माझे सोन्याचे गेले. रोज सकाळी रतनबाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला यायच्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हालेली. त्या मला बोटांत धरून म्हणायच्या, "आसलं मऊ कापड आता कुठं मिळतंय?" मला भारी वाटायचं. दिवसातून दहा वेळा भिजायचं म्हणजे काही गंमत नव्हे, पण कौतुकाचे दोन शब्द मिळाले की लंगोटसुद्धा सगळं सोसतो.

मग रतनबाई नातवाच्या कामासाठी आठ-दहा दिवस दौंडला लेकीकडे गेल्या, आणि इथेच माशी शिंकली. बाळाच्या मांडीच्या सांध्यात चार लाल पुटकुळ्या आल्या. तोवर बाळाचं नाव राजनंदिनी ठेवलं होतं. डॉक्टरांनी पांढऱ्या मलमाची ट्यूब दिली आणि सांगितलं, "कपडे स्वच्छ ठेवा." एवढंच सांगितलं हो! पण या घरात एवढं पुरेसं झालं.

स्नेहलचे यजमान सत्यजीत कंपनीत कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवर यायचे. पुढच्या सुट्टीला येताना त्यांनी जंतुनाशकाची मोठी बाटली आणली. पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं होतं आणि घरभर दवाखान्याचा वास सुटतो, ते.

आता आमचं धुणं कसं चालायचं ते ऐका. साबणाच्या पावडरीत भिजवायचं, चोळायचं आणि एका बादलीत एकदा बुचकळायचं. एकदाच, कारण विहिरीची मोटार लाईट असेल तेव्हाच चालणार, आणि लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. घरच्या टाकीतलं पाणी जपून वापरावं लागायचं. त्यात मुक्ताबाईंचा नियम असा, की बाळाचा कपडा पिळायचा नाही. पिळला तर बाळाच्या पोटात पिळा पडतो म्हणे! म्हणजे बादलीतलं सगळं पाणी पोटात घेऊन आम्ही तसेच दोरीवर लटकायचो. पाणी उडून जायचं. साबण आणि औषध कुठं जाणार? ते आमच्या सुतातच वाळायचं. मी दिवसेंदिवस कडक होत चाललो होतो, पापडासारखा. अंधारात बाळाचा कपडा बाहेर ठेवू नये, म्हणून दिवेलागणीच्या आत आम्हांला घरात न्यायला मात्र कुणी विसरायचं नाही.

पुटकुळ्या वाढल्या. सांध्याची कातडी सोलली. मला बांधलं की राजनंदिनी किंचाळायची, आणि मी तिच्या अंगाला चिकटून ते ऐकायचो. मित्रांनो, ज्याला पुसायचं त्यालाच आपण ओरबाडतोय, हे कळत असून काही करता येऊ नये, यासारखा त्रास नाही. मी ओरडून सांगत होतो, मला नुसतं पाणी द्या, भरपूर पाणी! पण लंगोटाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

स्नेहलचं तोंड उतरलं होतं. सव्वा महिना गार पाण्यात हात घालायची तिला बंदी. त्यात शिरूरहून सासूबाईंचा फोन यायचा, "तिकडं ध्यान देत न्हाईत का पोरीकडं?" फोन ठेवला की ती भिंतीकडे तोंड करून रडायची. मुक्ताबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि आम्हांला आणखी जोरात चोळायच्या.

पुढच्या सुट्टीला सत्यजीत आले ते डायपरचं भलं मोठं पाकीट घेऊनच. येताच मुक्ताबाईंना म्हणाले, "मामी, ह्या चिंध्या आधी चुलीत घाला. आन् ह्या आठवड्यात बरं न्हाई वाटलं, तर मी दोघींना शिरूरला घिऊन जातो."

सव्वा महिना व्हायच्या आत लेक माहेरातून न्यायची, म्हणजे मुक्ताबाईंच्या तोंडावर थप्पडच. त्यांनी आम्हां चौदा जणांना घमेल्यात गोळा केलं आणि घमेलं पाणी तापवायच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. चूल पेटलेलीच होती. नव्वद वर्षांच्या माउलीचं लुगडं आता बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवणार होतं.

तेवढ्यात रतनबाई आल्या. आदल्या दिवशीच दौंडहून परतल्या होत्या. बाळाला उघडं करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कोमट पाणी आना, आधी पुसून घिऊ," म्हणून त्यांनी घमेल्यातला वरचा लंगोट उचलला. तो मी होतो. त्यांनी मला पातेल्यात बुडवून हलवलं, आणि पातेल्यात फेस आला.

"ह्याला साबन लावलाय का?"

"न्हाई बाई, कालचा धुतलेला हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

रतनबाईंनी पाणी बदललं. पुन्हा फेस. तिसऱ्यांदा बदललं, तर पाणी दुधट झालं आणि तोच तो दवाखान्याचा वास सुटला. रतनबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "खरं सांगा, बादलीत काय काय टाकता?"

"पावडर, आन् झाकनभर औषध," मुक्ताबाई म्हणाल्या.

"आई, तू टाकतीस?" स्नेहल दचकली. "अगं, तू रानात गेलीस की मी पण टाकते. मला वाटलं, धुवायला तर मिळत नाही, तेवढं तरी आपल्या हातानं."

सत्यजीत खाकरले. "मागल्या बारीला मी दोन टाकली. म्हणलं, एवढ्या लांबून येतो."

मारुतराव दारात झेंडूचे क्रेट रचत होते. ते वळलेच नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "म्या बी टाकायचो. पोरगी रडती, आपल्याला काय येतंय? वाटलं, आपलं बी एक झाकन."

रतनबाईंनी पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "चार मान्सं एका पोरीला जपताय, आन् एकमेकाला इचारलं न्हाई कुणीच."

त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती. मारुतरावांनी स्वतः घमेलं उचललं, मोटार चालू केली आणि आम्हांला हौदावर पाइपाखाली धरलं. फेस पाटानं झेंडूकडे वाहत गेला. सहा वेळा, सात वेळा, पाणी निवळ येईपर्यंत. मग रतनबाईंनी मला दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांदेखत कचकचून पिळलं. मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. बाळ घरात शांत झोपलेलं होतं. त्या पिळण्यानं माझी हाडं मोडली असती, असती तर. पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

पाच-सहा दिवसांत कातडी भरून आली. स्नेहल सव्वा महिना पुरा करूनच सासरी गेली. आणि श्रेय कुणाला मिळालं असेल? त्या मलमाच्या ट्यूबला! सत्यजीत आजही शिरूरभर सांगतात, "भारी मलम हाय." मी काय बोलणार?

आता राजनंदिनी चालते. दिवाळीला ती आईबरोबर खुटबावला आली आहे. भांडगावला स्नेहलची चुलतबहीण शितल बाळंत झाली आहे, म्हणून आज आमचं गाठोडं तिकडे चाललंय. स्नेहलनं फोनवर बजावून सांगितलं, "शितल, एकीनंच धुवायचं. आन् खळबळून, पाणी निवळ येईस्तोवर." मला भरून आलं. आणि ती स्वयंपाकघरात गेली न गेली, तोच मुक्ताबाईंनी इकडेतिकडे पाहून ती बाटली हळूच गाठोड्यात सरकवली. "आसू दे. एवढंसं टाकलं तर काय हुतंय?"

मित्रांनो, डोकं आपटून घ्यावंसं वाटतं, पण डोकं नाही. तुम्हांला हात जोडून सांगतो, हातही नाहीत, तरी समजून घ्या. तुमच्या घरात बाळ आलं, की त्याच्यासाठी काही करायच्या आधी शेजारच्याला विचारा, तू काय केलंस? आणि कपड्याला पाणी दाखवा, पोटभर. मायेनंसुद्धा कातडी सोलते, मी पाहिलंय.

गाठोड्याला गाठ बसायचीच होती, तेवढ्यात राजनंदिनी दुडुदुडु आली. तिला बाटलीचं झाकण आवडलं असावं. तिनं बाटली ओढून काढली आणि छातीशी धरून अंगणाकडे पळाली. स्नेहलनं धावत जाऊन ती हिसकावली, माळ्यावर ठेवली आणि ओरडली, "हिच्या हाती कुणी दिली ही?" मुक्ताबाईंनी मुकाट्यानं गाठ मारली.

पोरीला काही कळलं असेल, असं मी म्हणत नाही. पण त्या घरात बाटली आमच्यापासून लांब नेणारी तीच पहिली.