श्रीपती सरांचं हळदीचं बोट

श्रीपती सरांना पूजेशिवाय काही सुरू करवत नसे. नवा फ्रीज आला, पूजा. जुना दुरुस्त झाला, पुन्हा पूजा. जालन्याच्या त्या प्रयोगशाळेत रसायनांपेक्षा नारळाच्या शेंड्या जास्त सापडतात, असं त्यांची विद्यार्थिनी गंधाली म्हणायची, अर्थात सरांच्या पाठीमागे.

चाचणी गंधालीची होती. अ‍ॅप्टामर म्हणजे डीएनएचा छोटासा तुकडा, मक्यातलं बुरशीचं विष तेवढं ओळखून पकडणारा. त्याला चमकणारा रंग जोडलेला, पण ग्राफिनच्या अतिसूक्ष्म पापुद्र्याला चिकटून असतो तोवर विझलेला. विष भेटलं की तुकडा पापुद्रा सोडतो आणि निळ्या दिव्याखाली हिरवा उजळतो. तिने वर्षानुवर्षं खपून जमवलेली ही करामत सर पाहुण्यांना 'आमची कल्पना' म्हणून सांगत.

आजचे पाहुणे होते कोंबड्यांच्या खाद्याचे व्यापारी हरिओमशेठ, आणि मका होता केदारखेड्याच्या बद्रीनाथचा. विष निघालं नाही तर शेठ सगळा मका उचलणार होते. निघालं तर पंचक्रोशीत कुणी त्याला हात लावणार नव्हतं.

गंधाली हातमोजे घालेस्तोवर सरांनी चाचणीसाठी भरून ठेवलेल्या उघड्या नळ्यांवर भक्तिभावाने हळदीकुंकू वाहिलं, स्वतःच्या कपाळावरही हळदीचं बोट ओढलं. निळा दिवा लागला. सगळ्या नळ्या हिरव्यागार.

"विष," सर समाधानाने म्हणाले. "भरपूर."

"सर, मका न घातलेली नळीही चमकतेय."

"चाचणी किती संवेदनशील आहे, त्याचाच हा पुरावा."

एवढं गाढवपण डॉक्टरेटशिवाय साधत नाही, असं गंधालीच्या मनात आलं.

बद्रीनाथचा चेहरा उतरला. "ताई, कडक उन्हात वाळवला व्हता मका," तो हळूच म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये बुडवला, "सर, जरा हलू नका," म्हणत त्यांचं कपाळ पुसलं आणि बोळा कोऱ्या नळीत पिळला. ती नळी सगळ्यांहून लख्ख उजळली.

"हळद चमकते, सर. बाकी काही नाही."

मग सरांना दाराबाहेर उभं करून तिने कोऱ्या नळ्यांत मका पुन्हा तपासला. मुद्दाम विष घातलेली नळी तेवढी उजळली, मक्याच्या सगळ्या अंधारात राहिल्या. शेठ गाडी पाठवतो म्हणाले.

बद्रीनाथने कपाळ चोळत उभ्या असलेल्या सरांकडे एकवार पाहिलं.

"मका बिनघोर न्या, शेठ," तो म्हणाला. "सरांना तेवढं कोंबड्यांपसून दूर ठिवा."