तांब्यावरचं नाव

मनुबाईंनी पायरीखाली चपला काढल्या आणि देवळात शिरावं तशा त्या नागेंद्रच्या दुकानात शिरल्या. बेळगावच्या त्या गल्लीत जुन्या वस्तू घ्यायला येणारी माणसं गॉगल डोक्यावर सरकवून येतात. अनवाणी कुणी येत नाही. फळीवर जुने तांबे ओळीनं मांडलेले होते. मनुबाई एकेक उचलून त्याच्या गळ्याखाली बोट फिरवू लागल्या.

"काय बघताय, आक्का?"

"कणकुंबीच्या भंगारवाल्यानं तुला माल घातलाय न्हवं? त्यात माझ्या आईचा तांब्या हाय. भावजयीनं माझ्या माघारी मोडीत घातला."

"नाव काय आईचं?"

"ते मी न्हाय सांगायची. मगाशी कोपऱ्यावरच्या दुकानात सांगितलं, तर हाताला लागला त्यो तांब्या पुढं करून 'ह्योच बघा' म्हणाला. त्यो तर पितळंचा! आईचा तांब्याचा. मला वाचाय येत न्हाय, पर मी खुळी न्हाय. तू वाच, मग मी सांगते खरं का खोटं."

नागेंद्रला हसू आलं. थापा त्याच्या धंद्याला नव्या नव्हत्या. साध्या समईलाही तो कुठल्यातरी इनामदाराचं घराणं चिकटवून द्यायचा. गिऱ्हाइकं वस्तूपेक्षा तिची गोष्टच जास्त आवडीनं घरी नेतात, हे त्याला पहिल्या वर्षातच कळलं होतं.

"माहेर कुठलं आईचं?" त्यानं सहज विचारलं.

"पारवाड. आज्यानं लगनात आंदण दिल्यालं, नाव घालून. मी अकरा दिसांची असताना गेली ती. फोटो न्हाय, कागुद न्हाय. लिवल्यालं म्हणून तेवढंच हाय बघ तिचं."

नागेंद्रचं हसू मावळलं. पारवाड हे गाव त्यानं गेल्या आठवड्यातच वाचलं होतं. एका तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ओळ होती: लगमाबाई, पारवाड. लोकांना भांडं जुनं हवं असतं, पण त्यावर मेलेल्या परक्या बाईचं नाव नको असतं. म्हणून आलेल्या मालावरची नावं तो घासून काढायला लावी. मशीनवर बसलेल्या मष्णूनं "घालवू का?" असं विचारलं होतं. नागेंद्रनं नाव मोठ्यानं वाचलं होतं आणि "घालव" म्हटलं होतं. फिरत्या चाकाला धरल्यावर मिनिटभरही लागलं नव्हतं.

आता तो तांब्या काचेच्या कपाटात आरशासारखा चकाकत होता. मनुबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

खरं काय ते सांगून टाकावं असं नागेंद्रला वाटलं, पण हात फळीकडे गेला. त्यानं फळीवरचा एक काळपटलेला तांब्या काढला. घासायची पाळी अजून न आलेला. त्यावर लिहिलं होतं, जयाबाई, बेटणे. त्यानं तो उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक केले.

"लगमाबाई," तो म्हणाला. "पारवाड."

मनुबाई पुढं सरकल्या.

"परत वाच रं."

त्यानं परत वाचलं. मग तिसऱ्यांदाही.

"लगमा कुठं हाय? बोट ठेव माझं."

नागेंद्रनं त्यांचं खरबरीत बोट धरून 'जया'वर ठेवलं. त्या कितीतरी वेळ त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. नागेंद्रला स्वतःची किळस आली, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

पैसे त्यानं घेतले नाहीत. मनुबाईंनी तांब्या पदरानं पुसला आणि पिशवीत घातला.

"आई भेटवलीस बघ. घरात समदी वाट बघत बसल्यात. नात हाय माझी, रचना, नववीत, मराठी शाळंत. गेल्या गेल्या तिच्याकडनं मोठ्यानं वाचून घेनार. पणजीचं नाव तिनंच वाचायचं, असं ठरलंय आमचं."

मनुबाई पायरी उतरल्या. चपला घालून, पिशवी छातीशी धरून त्या स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. कणकुंबीच्या बसला अजून अर्धा तास होता.

तो दारापर्यंत आला.

"आक्का!"

मनुबाई थांबल्या. वळून पाहिलं. इतका आनंदी चेहरा त्या दुकानासमोर कधी कुणाचा झाला नव्हता.

"काय रं?"

"पिशवी खालनं धरा," नागेंद्र म्हणाला. "बंद कच्चे दिसतायत."