तिसरं पाऊल

अक्षया कातात जिल्ह्यात पहिली. काता म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचाली, ठरलेल्या क्रमाने. सहा वर्षं मीच एक-दोन-तीन मोजत त्या तिच्याकडून घोटून घेतल्या. समोर कुणीतरी आहे असं धरून, मनाला येईल तसे हवेत ठोसे मारायची तिला भारी हौस. मी खेकसायचो, "नाच पुरे गो! काता कर."

परवा जामसंड्यात क्लासहून परतताना एकाने काजूच्या बागेजवळ तिचा हात धरला. तिने तो हिसडून सोडवला आणि दोन पावलं पुढे टाकत दोन ठोसे हाणले. तो धडपडला. तिसऱ्या पावलाला मात्र ती गर्रकन वळली, त्याच्याकडे पाठ करून. कातात तिथे वळायचं असतं. त्याने तिला मागून ढकलून पाडलं. रिक्षा आली म्हणून पळाला.

प्लास्टरमधला हात पोटाशी धरून ती म्हणाली, "सर, मी वळलंय कित्याक, ताच माका कळाक नाय."

मला कळलं होतं. मेल्या मास्तरा, तुझ्या आकड्यावर वळली ती!

आज क्लासात तीस पोरं रांगेत उभी राहिली. मी मोजू लागलो. एक. दोन. तीन म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तरी तीसच्या तीस पोरं वळली, माझ्याकडे पाठ करून.