खोबरेलातले एलियाहू हन्नाबी

माणसं आपल्याला झेपेल तेवढाच नवस बोलतात. कोणी मलिदा करीन म्हणतं, कोणी उपास धरतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे नेहेमियांनी, त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात लढाई सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, इस्रायलमधल्या येरुहाम गावातल्या आमच्या सरकारी घरात भिंतीकडे तोंड करून जाहीर केलं, "योराम सुखरूप परत आला, तर एलियाहू हन्नाबींची तसबीर मी माझ्या हातानं रंगवीन आणि तिच्यासमोर मलिदा करीन."

योराम आमचा एकुलता एक मुलगा. सिनायमध्ये रणगाड्यावर होता, म्हणून त्या क्षणी मी गप्प बसले. एरवी विचारलंच असतं, की ज्या माणसानं पन्नास वर्षांत घराचा दरवाजा रंगवला नाही, त्यानं एकदम नबी कशाला अंगावर घ्यावेत? एलियाहू हन्नाबी म्हणजे अग्निरथातून स्वर्गात गेलेले, आम्हा बेने इस्राएल ज्यूंचे लाडके नबी; भिंतीवर त्यांची मुंबईहून आणलेली छापील तसबीर होती. तीत रथ, घोडे, ज्वाळा, सगळं व्यवस्थित होतं. पण ह्यांना तयार माल नको होता.

नोव्हेंबरात योरामचं कार्ड आलं, "मी ठीक आहे." दोन हिब्रू शब्द. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले, आणि हे उठून थेट मतनासमध्ये, म्हणजे गावच्या समाजकेंद्रात, गेले. आमच्या गावात सरकारनं नाट्यगृह बांधलं नाही, सिनेमाला बेरशेबा गाठावं लागतं, पण मतनास मात्र दिलं होतं. तिथं दर मंगळवारी संध्याकाळी तैलरंगाचा वर्ग चाले. शिकवायला दोव नावाचा एक मूळचा पोलंडचा दाढीवाला तेल अवीवहून येई. सँडलमध्ये मोजे घालायचा. चार रशियन बायका, एक निवृत्त पोस्टमन आणि आमचे हे, एवढेच विद्यार्थी.

पहिल्या दिवशी सगळ्यांना एकेक सफरचंद रंगवायला दिलं. ह्यांनी ते घरी आणून मला दाखवलं. मी म्हटलं, "वांगं छान आलंय." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण चिकाटी होती, ते नाकारून चालणार नाही. फॅक्टरीतून आले की कॅनव्हासला सरस लावायचा, वर पांढरा रंग चढवायचा, तो घासायचा, पुन्हा चढवायचा. रंग कालवायची लवचीक सुरी आणली होती, ती माझ्या पोळ्या उलटायला इतकी झकास निघाली, की आमच्यात तिच्यावरून रोज ओढाओढ व्हायची. टर्पेंटाइनचा वास मात्र डाळीतसुद्धा यायचा.

मग एका मंगळवारी हे पांढरेफटक पडून घरी आले. दोवनं वर्गात सहज सांगितलं होतं, की तैलरंगाचे चांगले ब्रश डुकराच्या केसांचे असतात.

"डुक्कर, एलिझाबेथ! डुकराच्या केसानं मी एलियाहू हन्नाबींची दाढी काढू?"

ब्रश त्याच दिवशी कचऱ्यात गेले. आकाश ह्यांनी आपल्या दाढीच्या ब्रशनं रंगवलं. दाढीचा ब्रश कशाच्या केसांचा असतो, हे मी विचारलं नाही. संसार टिकवायचा असतो.

खरा घोळ तेलावरून झाला. दोवचं म्हणणं, रंगात मिसळायचं ते जवसाचंच तेल. ते हवेनं वाळून घट्ट होतं, बाकीची तेलं वाळत नाहीत. इतकं साधं वाक्य होतं. पण समोर कोण बसलं होतं? शनवार तेल्याचा नातू! कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. ह्यांचा जन्म गेला मुंबईच्या गोदीत फिटरचं काम करण्यात. घाणा पाहिलेला आजोळी, तोही लांबून, कारण बैलाची भीती वाटायची. पण अभिमान असा, की जणू सकाळीच दोन मण तेल काढून आलेत.

"हा पोलंडचा माणूस मला तेल शिकवतो," हे घरभर फिरत म्हणाले. "ह्याच्या सात पिढ्यांनी बटाटे सोलले! जवसाचं म्हणे. वास घेऊन बघ. आमच्या रेवदंड्याच्या मशिदीत दिव्याला काय घालायचे? खोबरेल! देवाच्या दिव्याला चालतं, ते देवाच्या माणसाला चालणार नाय?"

(मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. कोकणातले म्हातारे असंच म्हणत.)

मला हे म्हणणं पटलं, हे आता कबूल करते. जवसाच्या वासानं माझं डोकं दुखायचं. मुंबईहून इकडे राहायला येताना धाकट्या दिरानं, गर्शोननं, आणलेला खोबरेलाचा डबा मीच माळ्यावरून काढून दिला. घरात गावाकडचा वास सुटला. दोन महिने हे रंगवत होते. नबींचे डोळे माझ्या सासऱ्यांवर गेले. घोड्यांना नमुना नव्हता, म्हणून ह्यांनी गावाबाहेर चरणारी, वाळवंटातल्या भटक्या बेदुइनांची जनावरं बघून काढले. रथाला चार चांगल्या पोसलेल्या शेळ्या जुंपल्यासारखं दिसत होतं. तरी चित्रात काहीतरी होतं. हात वर करून निघालेला तो म्हातारा आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं.

आणि जानेवारीच्या थंडीत चित्र खडखडीत वाळलं! ह्यांनी ते वर्गात नेलं. दोवनं बोटानं टकटक केली, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "इतक्या लवकर? जवसाचं तेल उत्तम प्रतीचं दिसतंय." हे नुसते हसले. घरी आल्यावर मात्र ते टकटक मला सतरा वेळा करून दाखवलं.

मार्चच्या सुरुवातीला योराम सैन्यातून सुटून घरी आला. बारीक झाला होता. पायरीवर बसून सिगारेटी ओढायचा. जेवायला बोलावलं की "बसेदर," म्हणजे ठीक आहे. झोप लागते का रे, "बसेदर." लहानपणापासून आमच्या मराठीला तो हिब्रूत उत्तर द्यायचा, त्याची सवय होती, पण निदान भांडायचा तरी. आता तो एकच शब्द उरला होता. त्याच्या रणगाड्यातले दोघं परत आले नव्हते. हे आम्हाला त्याच्याकडून नाही, दुसऱ्याच एका मुलाकडून कळलं.

मी घाबरले होते. हेही घाबरले होते, पण त्यांच्याकडे उपाय होता. "नवस अजून फिटला नाय ना, म्हणून तो अजून पुरता आला नाय. मलिदा झाला की बघ, सुटेल." शुक्रवारची सकाळ ठरली.

नेमकी त्याच शुक्रवारी वर्षातली पहिली खमसीन, म्हणजे वाळवंटातली तापलेली वावटळ, सुटली. आदल्या दिवशी स्वेटर घालणारं गाव सकाळी दहाला भट्टी झालं. धूळ येते म्हणून खिडक्या लावल्या. आत चाळीस माणसं, रामलाहून बसनं आलेला गर्शोन, शेजारची हिल्डामावशी, मधोमध भिजवलेले पोहे, खोबरं, खजूर, पाच फळं मांडलेलं मलिद्याचं ताट. शेजारी नबींसाठी मोकळी ठेवलेली खुर्ची. मलिद्याला ते येतात, असं आम्ही मानतो.

चित्रावर नवी पांढरी चादर होती, कारण गर्शोनला ते मंत्र्यांसारखं उघडायचं होतं. प्रार्थना झाली. गर्शोननं घसा साफ केला, चादर ओढली, आणि तिच्यासोबत नबींचे हात, रथ आणि सगळ्या शेळ्या निघून आल्या.

कॅनव्हासवर उरली ती दाढी, आणि तीही हळूहळू खाली निघाली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सबंध हिवाळा मी केसांना लावायला खोबरेलाची बाटली केरोसीनच्या स्टोव्हशेजारी ठेवून वितळवत होते. रोज! थंडीत गोठलेल्या चित्रावर टकटक ऐकताना मात्र आम्हा दोघांना ते सुचलं नाही. शनवार तेली म्हणे.

मग हिल्डामावशी किंचाळली, "उतरले! एलियाहू हन्नाबी तसबिरीतनं उतरले! खुर्चीवर बसलेत!"

झालं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. टोमणा मारायला तोंड उघडलेल्या गर्शोननं त्याच तोंडानं नबींचं गाणं सुरू केलं. एकानं खुर्चीला हात लावून हात डोळ्यांना लावला. दोन दिवसांत ही बातमी शेजारच्या दिमोना गावापर्यंत पोचणार, हे मला तिथंच दिसत होतं.

"अरे, नाय हो!" हे ओरडत होते. "खोबरेल आहे ते! माझी चूक आहे! नवस राहिला माझा!"

चमत्कार समोर असताना खोबरेलाचं कोण ऐकतो? हे चित्रापाशी उभे राहून दोन्ही हातांनी ती दाढी वर ढकलत होते. ती बोटांमधून घसरत होती, हे पुन्हा ढकलत होते. रडत होते. गेल्या पाच महिन्यांत मी ह्या माणसाची इतकी थट्टा केली, पण तो रोज संध्याकाळी कशाशी झुंजत होता, ते मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

दाराशी उभा असलेला योराम माणसांतून वाट काढत पुढं आला. त्यानं बापाचे दोन्ही हात धरून चित्रावरून खाली घेतले.

"सोड, बाबा," तो म्हणाला. मराठीत म्हणाला. "जाऊ दे त्याला. मी आलोय ना?"

ह्यांनी त्याचा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला. पांढरा शर्ट, सकाळीच मी इस्त्री करून दिलेला, त्यावर लाल आणि पिवळे दहाच्या दहा बोटांचे ठसे उमटले. त्या शर्टबद्दल मी आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही.