चाकावरची खूण

“सूनबाई, ह्या चाकावरच्या खुणेवर भरवसा ठिवू नका. चाक दुसऱ्याच इंजिनाचं हाय.”

सोपान मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा समृद्धी पोरीची लाळ पुसत होती. “बरं काका,” ती म्हणाली. मनात मात्र म्हणाली, मला कशाला सांगताय, इंजिन ह्यांच्या अखत्यारीतलं. जुनं चाक तडकलं म्हणून मिस्त्रींनी भंगारातलं बसवलं होतं, एवढं तिला ठाऊक होतं. म्हातारा काही थांबेना. छत्रीची तार, दोन खुणा, त्यांचा मध्य, असं हातवारे करून सांगत राहिला आणि ती मान हलवत राहिली. बी.एस्सी. झालेल्या बाईची मान. न ऐकताही बरोबर जागी हलते.

ह्याला पंधरा दिवस झाले. दोन हजार पाचचा एप्रिल होता. राजुरीपासून दोन मैलांवर मळा, शेजार हाकेच्या बाहेर. नवरा सुदर्शन चाकणच्या कारखान्यात, येणार गुरुवारी. भारनियमनात दिवसाची वीज गेली, रात्रीचीही टिकेना, तेव्हापासून विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनावरच सगळी भिस्त होती आणि त्याचाच डिझेल सोडणारा छोटा पंप गळायला लागला. तो नारायणगावला दुरुस्त होऊन आला, जीपवाल्याने कागदात गुंडाळून दिला. पण बसवायला मिस्त्री येईनात. तीन दिवस झाले. पाच दिवसांपूर्वी लावलेली टोमॅटोची रोपं दुपारी माना टाकून मातीवर पडायची. सोमवारी ती संध्याकाळीही उठली नाहीत. मंगळवारी सकाळी समृद्धी बांधावर उभी राहिली आणि तिला कळलं की आज पाणी नाही मिळालं तर उद्या द्यायला काही उरणार नाही.

सुदर्शनचा फोन आला होता. “तू हात लावू नको. गुरुवारी मी बघतो.”

“गुरुवारपर्यंत रोपं थांबायची नाहीत.”

“मग काय, कॉलेजात इंजिन शिकवलंय का तुला?” तो हसला. तिने फोन ठेवला.

तिने झोळी विहिरीकडच्या लिंबाला बांधली, पोरीला निजवलं आणि पंप बसवला. चार नट, त्यात काय. चाकावर एक खूण होतीच. पिस्टन अगदी माथ्यावर पोचला की ती खूण वरच्या खिळ्यासमोर येते, असं सुदर्शनने एकदा दाखवलं होतं. डिझेल त्याच्या एक मूठ अंतर आधी सुटायला हवं. तिने खुणेपासून मूठ मोजली, डिझेल सुटायची वेळ मागेपुढे करणाऱ्या पंपाखालच्या पातळ पत्र्या त्या हिशोबाने बसवल्या आणि हँडल मारलं.

एक धडाका झाला आणि चाक उलटं फिरलं. हँडल तिच्या हातातून सुटून इंजिनाच्या खोपीच्या पत्र्याच्या भिंतीवर आदळलं. त्या कोपऱ्यात काल झोळी होती.

मनगट सुजत चाललं होतं. बाहेर पोर जागी होऊन रडत होती. समृद्धीने तिला उचलून घेतलं आणि तिलाच सांगितलं. “काका सांगत होते गं. मी ऐकलं नाही.”

पण थोडंफार कानावरून गेलं होतं. पोरीला दूध पाजता पाजता ती ते आठवत राहिली. ‘तार वर चढती आन थांबती. तिथं फसू नका. माथ्यावर पिस्टन उभा ऱ्हातो, चाक मातुर फिरत असतं. म्हनून चढताना एक खूण करा, उतरताना एक. मधला त्यो माथा.’ कॉलेजच्या प्रॅक्टिकलला दोन वाचनं घेऊन मधलं काढायचे, तसंच की हे.

तिने इंजिनाच्या माथ्यावरचं, डिझेल फवारणारं नोझल काढलं. मोडक्या छत्रीची तार भोकातून खाली पिस्टनवर टेकवली. तारेवर पोरीच्या काजळाचा ठिपका दिला. चाक हाताने सावकाश फिरवलं. ठिपका भोकाच्या कडेला आला, खिळ्यासमोर चाकावर खडू ओढला. तार आणखी वर गेली आणि खरंच, उभी राहिली. चाक दोन बोटं सरकलं तरी तार हलेना. मग उतरू लागली. ठिपका पुन्हा कडेला आला, दुसरा खडू. दोन खुणांमधलं अंतर दोऱ्याने घेतलं, दोरा दुमडला आणि मधोमध नवी खूण केली. दोन्ही व्हॉल्व ढिले आहेत ना, ते बोटांनी चाचपलं. काकांनी तेही सांगितलं होतं, पिस्टन दोनदा वर येतो, एकदा डिझेल पेटायला, एकदा धूर टाकायला; व्हॉल्व ढिले असतील तोच माथा धरायचा.

जुनी खूण खिळ्यासमोर आल्यावर चाक आणखी सहा बोटं फिरलं की मग खरा माथा येत होता. म्हणजे डिझेल फार लवकर पडत होतं, पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका उडत होता.

तिने पत्र्या बदलल्या. ह्या वेळी झोळी आणखी दोन झाडं लांब नेली. हँडल मारलं. इंजिन खोकलं, धूर टाकला आणि लागलं. पाटात पाणी आलं. तिने सुदर्शनला फोन केला; पाळीच्या वेळी त्याचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये असतो, तिथेच वाजत राहिला. मग सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन राजुरीला गेली. मिस्त्रींच्या खोलीला कुलूप. शेजारच्या चहावाल्या लंकाबाईने कप विसळत सांगितलं, “त्यो गेला अवसरी खुर्दला, भाचीकडं. कान पार गेलं त्याचं. मागनं जीप आली ती कळली नाय, कुणी ओढला म्हनून वाचला.”

“कधी गेले?”

“पंधरवडा झाला. तुमच्याच मळ्यावरनं आला, आन दुसऱ्या दिशी हत्यारं पोत्यात भरली.”

“कुणाला सांगितलं नाही?”

“कुनाला सांगनार? इचारलं कुनी त्याला?”

समृद्धीला ते हातवारे आठवले. तो मोठ्याने बोलत होता, आणि तिने दोनदा मागून हाक मारली तरी वळला नव्हता. इंजिन चालू झाल्यावर तो ते ऐकत नव्हता, त्यावर तळहात ठेवून उभा होता. हे सगळं तिने पाहिलं होतं. मळ्यावर मागे एकटं कोण राहणार हे त्याने बरोबर ओळखलं होतं, म्हणून सुदर्शन घरी असताना नाही, तिलाच सांगितलं. आणि ती लाळ पुसत होती.

भाचीचं नाव लंकाबाईला माहीत नाही. नंबर मिळाला तरी त्याला फोन ऐकू जायचा नाही, माणूसच समोर जायला हवा. तिला मळा सोडता येत नाही. दर तिसऱ्या दिवशी पाणी, कडेवर पोर, वाटेत दोन जीपा बदलायच्या.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. अवसरी खुर्दकडे जाणं झालं, तर सोपान मिस्त्री म्हणून विचारा. मागून हाक मारू नका, समोर जा. जेवले का ते बघा. रस्त्यावर एकटे फिरत असतील तर भाचीला सांगा. आणि खरा माथा सापडला हे बोटांनी दाखवा, सहा. त्यांना कळेल.